सशांना हळद लागली

आमच्या नातीचे दोन ससे हायेत, बाळू आणि ढवळी. दोघं एका ताटलीत खाणारे, एकमेकांना टेकून झोपणारे. तर काय झालं, बाळूचं पोट फुगलं म्हणून त्याला दोन दिवस पनवेलच्या दवाखान्यात ठेवला. घरी आणला आणि ढवळीनं हुंगून सरळ त्याच्या कानाला चावून रक्त काढलं!

माझा लेक वैतागला. "आये, संध्याकाळी ढवळीला ओवे गावच्या मावशीकडे सोडून येतो. रोजचं रक्त कोन पुसनार?"

नात रडायला लागली, जेवेना. मी बाळूला उचलून हुंगला, तर नुसता औषधाचा वास!

"अगो, ती याला वळखतच नाय," मी म्हटलं. "आपली शेळीपन परक्या वासाचं करडू जवळ घेत नव्हती."

मग हळद भिजवली आणि दोघांना कानापासून शेपटीपर्यंत चोळली. न्हाणीत दोघांपैकी कोणाचंच राज्य नव्हतं, म्हणून तिथं सोडले. दोघं आधी शिंकले. ढवळी पुढं सरकली तशी नातीनं डोळे मिटले. ढवळीनं हुंगलं, परत हुंगलं आणि बाळूचं कपाळ चाटायला लागली.

संध्याकाळी लेक खोका घेऊन आला. "आये, हे पिवळे कशानं झाले?"

"हळद लावली."

"बरं, ढवळीला दे इकडं. मावशी वाट बघते."

मी म्हटलं, "काय रे, हळद लागलेल्या पोरीला कोन उंबऱ्याबाहेर धाडतं काय?"