बाजूचा ब्रेक

नाही म्हणजे नाही. वही माझ्या नाकासमोर नाचवून सही होत नसते, मॅडम — मांडीवर ठेवा ती. आणि चावीला हात नका लावू, आज ही गाडी या आवारातून हलायची नाही. स्टीअरिंगपुढं बसायची हौस आहे ना, मग बसा. मी बसतो माझ्या जागेवर, बाजूच्या, शिकवणाऱ्याच्या ब्रेकपाशी. अडतीस वर्षं बसतोय. ड्रायव्हिंग स्कूल भावाचं होतं तेव्हाही इथंच, आता पुतणी चालवते तरी इथंच. या सीटला माझ्या पाठीचा खड्डा पडलाय, हात लावून बघा.

काय? उद्या टेस्ट आहे? ठाऊक आहे की. एक तारखेला औषधांच्या व्हॅनवर हजर व्हायचंय, लायसन्स नसलं तर जागा दुसऱ्याला देणार — हेही ठाऊक आहे, चार वेळा सांगून झालंय. पण तुमच्या वहीत शेवटच्या पानावर काय लिहिलंय? मला वाचता येत नाही, तरी सांगतो, कारण सांगितलं मी आणि लिहिलं पुतणीनं — 'वळणावर वेगात. गाडी ताब्यात नाही. टेस्टला पाठवू नये.' बरोबर ना? आणि आता पुढच्या कोऱ्या पानावर माझी सही पाहिजे, की ही बाई तयार आहे. पुतणीची चालत नाही, शिकवणाऱ्याचीच लागते. म्हणून आलात. नाहीतर कशाला आला असतात.

पहिल्या दिवशी काय म्हणाला होतात, आठवतं? मला आठवतं. मी क्लच समजावत होतो, आणि तुम्ही म्हणालात, काका, गाड्या मी खूप चालवल्यात — गेममध्ये. भावाबरोबर. लहान गाडी, लांब गाडी, ट्रक, पुढच्या चाकांनी ओढणारी, मागच्या चाकांनी ढकलणारी — सगळ्या. आणि प्रत्येकीकडून काहीतरी शिकले. मी हसलो. हसणारच. उद्या कुणी येऊन म्हणेल, मी चित्रातल्या विहिरीत पोहायला शिकलो. तुमच्या त्या गेममध्ये भिंतीवर आदळलं की काय होतं? गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतात. ओरखडा नाही. आणि त्या खडीच्या वळणावर जो माणूस सायकलचं पंक्चर काढत बसला होता, त्याला कोण उचलून पुन्हा बसवणार होतं? सांगा ना. तिथं वळणावर बसू नये एवढी अक्कल नव्हती त्याला, ते सोडा — पण माणूस होता. चिकटपट्टीसारखं काहीतरी त्यानं दातात धरलं होतं. मला अजून दिसतं.

वही काय चाळताय? बोला की. त्या दिवशी तर गाडीत आवाज चढला होता. 'काका, पाय काढा!' म्हणे. मला! माझ्या अर्ध्या वयाची बाई मला सांगते पाय काढा. गाडीत बसून माझ्यावर कुणी ओरडलेलं नाही कधी — एक उस्ताद सोडला तर. तो ट्रकवरचा, मला चालवायला शिकवणारा. पान्हा असायचा त्याच्या हातात, माझ्या गुडघ्यावर मारायचा आणि म्हणायचा, घाबरलास की ब्रेक, शंका आली की ब्रेक, आधी ब्रेक मग देव. ते गुडघ्यात बसलं. हजारो लोकांना मी तेच शिकवलं. कोण मेलं त्यातलं? कोणी नाही. म्हणजे — मला कळलेलं तरी कोणी नाही.

असं बघू नका माझ्याकडं. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. वेगात नव्हतात. बरं, नव्हतात. काट्याकडं माझं लक्ष होतं, तीसच्या आतच होतात. तो माणूस मला दिसला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. एवढंच झालं. तुम्ही वळवत होतात, शांतपणे वळवत होतात, आणि माझा पाय गेला. पुढची चाकं खडीवर जाम — मग स्टीअरिंग फिरवा नाहीतर ताट फिरवा, गाडी सरळच जाणार. सरळ म्हणजे त्याच्या अंगावर. आणि मी आणखी जोरात दाबला. तुम्ही ओरडलात, माझा पाय निघाला, चाकं सुटली आणि गाडी वळली. दारापासून वीतभर अंतर असेल. त्यानं मान वर केली आणि आपल्याला शिवी दिली. त्या शिवीइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

आणि मग ऑफिसात येऊन मी पुतणीला काय सांगितलं, ते तुमच्या वहीत आहे.

थांबा, मध्ये बोलू नका. का सांगितलं? अहो, ती तीन महिने म्हणतेय, काका, आता घरी बसा. प्रेमानंच म्हणते, तेच जास्त लागतं. घरी काय आहे? चार भिंती आणि एक खुर्ची, आणि त्या खुर्चीपुढं ब्रेक नाही.

आणखी एक सांगतो, मग हसा पोटभर. मी तिथं गेलो होतो. कुठं काय — गेमच्या दुकानात. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे ते, काचेच्या दाराचं. स्टीअरिंग आहे, खाली पेडल आहेत, सगळं आहे. दुकानवाला म्हणाला, आजोबा, नातवाला आणलं नाहीत? म्हटलं, नातू नाही, मीच आहे, लाव. मला तुमचं खोटं पकडायचं होतं. ओढणारी आणि ढकलणारी म्हणे! सगळ्या गाड्या त्या काचेत सारख्याच असणार, असंच वाटत होतं मला. अक्षर वाचता येत नाही म्हणून रंगावरून निवडली — लाल, बसकी. वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवर जरा पाय जड पडला, तर शेपूट पकडायला निघालेल्या कुत्र्यासारखी गोल फिरली. मग ट्रक घेतला. तो माझाच. त्याला लांबूनच थोपवावं लागतं, वळण यायच्या आधी, ते माझ्या हाडात आहे — दुकानवाला बघतच राहिला. आणि मग घेतली ही. अशीच, पांढरी, छोटी.

तीन दिवस दुपारी गेलो. एकच वळण. दर वेळी वळण आलं की पाय ब्रेकवर जायचा आणि गाडी सरळ भिंतीत. गाडी पुन्हा रस्त्यावर, पुन्हा भिंतीत. जित्याची खोड म्हणतात ना, ती माझ्या उजव्या पायात आहे. तिसऱ्या दुपारी एकदा — एकदाच — पाय उचलला. वळली. अलगद वळली. मी तिथंच बसून राहिलो, दुकानवाला म्हणाला, आजोबा, पाणी देऊ का?

आणि कळलं का, त्या गेममध्ये सगळ्यात बरं काय आहे? बाजूची सीट रिकामी असते. मध्येच पाय घालणारा कोणी म्हातारा नसतो.

रडतेस कशाला? गाडीत रडायचं नाही, काच धुरकटते. माझ्यावर दया करू नको, पोरी. मला तू आवडत नाहीस. पहिल्या दिवशी आवडली नव्हतीस आणि आजही नाही. जी बरोबर असतात आणि ओरडून सांगतात, अशी माणसं मला जन्मात आवडली नाहीत.

आण इकडं ती वही. कोरं पान कुठलं? हे? पेन दे. वहीखाली हात धर जरा. ही झाली सही. एवढीच अक्षरं येतात मला, भावानं शिकवली होती. वरची जागा मोकळी आहे, तिथं तू लिही. तू टेस्टला तयार आहेस, ते लिही. आणि ब्रेक कुणी दाबला, पाय काढा म्हणून कोण ओरडलं, तेही लिही. त्या माणसाची सायकल निळी होती. जे हवं ते लिही, मी तपासू शकत नाही. माझी सही आहे खाली, म्हणजे ते मीच म्हटलं.

मग वर जाऊन पुतणीच्या हातात दे. मी येत नाही. ती वाचेपर्यंत मला इथं बसू दे.

आभार नकोत. उतर. उतर म्हटलं ना — आणि चावी पुतणीलाच दे.