तोंडानं वाजवलेली हलगी

मी मूळची परभणीकडची, आमच्यात हलगी पिढ्यानपिढ्याची, माझा बाप शंकर लग्नात वाजवायचा, मयतीत वाजवायचा, आन् काय सांगू तुम्हाला, मला ती कोणी हातात घेऊच दिली नाही, बाईमाणसानं वाजवायची नसती म्हणे, मग मी तोंडानंच वाजवायला शिकले.

आता सिंगापुरात, हौगांग म्हणून भाग हाय तिथं, पुण्याच्या मॅडमच्या फ्लॅटवर घरकाम करते. भाकरी थापताना माझं तोंड चालूच, हाताची थाप आन् तोंडाची हलगी. मॅडमची पोरगी ईरा, कॉलेजात हाय, तिनं मोबाइलवर घेतलं, म्हणाली मावशी, सो नाइस लाह, इथं बोलताना असं लाह लावतेत, टाकू का नेटवर? म्हणलं टाक, पण तोंड दाखवू नको. तर नुसते हात आन् आवाज.

ते असं पळालं की कुठले कुठले लोक त्याच्यावर नाचायले. इथल्या मराठी लोकांनी गणपतीच्या कार्यक्रमात नाच बसवला, त्याचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं महाराष्ट्राचा पारंपरिक ताल. त्या कार्यक्रमात मी मागं ताटं वाढायले आन् स्पीकरवर माझाच आवाज. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू, पण राग बी लई आला. पारंपरिक म्हणजे कोणाचा? माझ्या बापाला सगळ्यांच्या पंगती उठल्यावर लांब बसवून जेवायला वाढायचे.

मग अमेरिकेतल्या एका काळ्या पोरीनं, नाचणारी हाय ती, ईराला विचारलं, हा ताल कोणाचा, नाव सांगा, आमच्या लोकांचे नाच जगभर फिरतात आन् नाव दुसऱ्याचंच होतं. ईरा म्हणाली मावशी, काय लिहू? म्हणलं लिही, मांगवाड्यातला शंकर हलगीवाला, आन् आवाज त्याच्या पोरीचा, सुमनचा.

मॅडम म्हणाल्या, सुमन, नाव ठीक आहे गं, पण मांगवाडा कशाला, आपण सिंगापूरमध्ये आहोत. माझं इथं कामाला राहायचं परमिट त्यांच्या हातात, भ्या तर वाटलंच. तरी म्हणलं, मॅडम, ताल तिथूनच आलाय, तिथलंच लिहा, नसता काढून टाका. मग त्या पोरीला म्हणाल्या, लिही.

लोकांनी नावं ठेवली, जात कशाला मधी आणता म्हणे. कार्यक्रमवाल्यांनी त्यांचा व्हिडिओच काढून टाकला. पण कुठल्या कुठल्या पोरी लिहायल्यात, आमचा बी आजा वाजवायचा.

बापाला वाचता येत नाही, ईरानं तिच्या मोडक्या मराठीत फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, शंकर म्हणजे मीच का? म्हणलं तूच. मग फोनवर व्हिडिओतला ताल बी सगळा ऐकला त्यानं, आन् म्हणाला, मधली थाप ढिली पडली बघ, नीट वाजव, आता माझं नाव हाय त्याला.

तर आता नीट वाजवते. त्या अमेरिकेच्या पोरीचं भलं होवो, तिच्या बी नाचाला तिचं नाव लागो.