नदीच्या अलीकडे, पलीकडे

सेक्रेटरी : ...नाही, नाही, नाही! अर्धा मोसम इकडे आणि अर्धा तिकडे, असं नाही चालत. मुलगी आहे ती, भाड्याची सायकल नाही.

बाबा : मी नुसतं विचारलं, काका.

सेक्रेटरी : विचारू नकोस. बारा वर्षांखालचा गट, बेसबॉल, नियम नववा. वाचू का पुन्हा? "खेळाडू ज्या विभागात राहतो, त्याच विभागाच्या संघातून खेळेल. घरं दोन असल्यास पालकांनी एकमताने एक विभाग निवडावा."

आई : आणि एकमत झालं नाही तर?

सेक्रेटरी : तर मोसमभर घरी. आज संध्याकाळी नावं बंद होतात, ताई. मग मला कितीही वाटलं तरी माझ्या हातात काही राहत नाही. कैची घेऊन केस कापणारा माणूस मी. या खुर्चीवर मला बसवलंय, कारण दुसरं कोणी तयार झालं नाही.

आई : मागच्या वर्षीपर्यंत हे विभागांचं लफडंच नव्हतं. तीन वर्षं ती याच मैदानावर खेळतेय.

सेक्रेटरी : खेळणारी मुलं वाढली ना. मग ठरलं, नदीच्या अलीकडे एक विभाग, पलीकडे एक. आता तुम्ही दोघं नेमके नदीच्या दोन बाजूंना राहायला जाल, हे समितीला काय ठाऊक?

बाबा : एक आठवडा माझ्याकडे, एक हिच्याकडे. म्हणजे राहते कुठे म्हणायची?

आई : तिच्या मैत्रिणी इथे आहेत. तिचे सर इथे आहेत.

बाबा : आणि तिचा बाप तिथे आहे.

आई : तिचा बाप तिथे सहायक प्रशिक्षक आहे, आणि त्याच्या संघाला कॅचर मिळत नाहीये. सरळ बोल ना.

बाबा : तो मुद्दाच नाही.

आई : चष्म्याच्या दुकानात सगळं कळतं मला. गिऱ्हाईक काच बदलायला येतं आणि तासभर तुमच्या संघाचं रडगाणं गातं.

बाबा : बरं, आहे. आमचा कॅचर चेंडू आला की डोळे मिटतो. गुणी पोरगं आहे, पण डोळे मिटतो. बॅटवाल्याच्या मागे बसायचं, पिचरने टाकलेला चेंडू पकडायचा, ते डोळे मिटून कसं जमणार? पण म्हणून मी माझ्या मुलीला... तुला असं वाटतं का खरंच?

आई : मला काय वाटायला हवं? वर्षभरात तिच्या एकाही सामन्याला आला नाहीस. संघ मिळाला आणि लगेच मुलगी आठवली.

बाबा : आलो होतो.

आई : कधी? मी प्रत्येक सामन्याला बाकावर असते.

बाबा : तेच ना. तू बाकावर असतेस. म्हणून मी गाड्या लावतात तिथून बघतो. जाळीच्या मागून.

सेक्रेटरी : खरंय हो ताई. मी एकदा विचारलं याला, तिकीट काढायचं नाही म्हणून तिथे उभा राहतोस का रे? तिकीट नसतंच आपलं. तरी हसला नाही.

आई : ...मला कोणी सांगितलं नाही.

सेक्रेटरी : आता बोलतोच आहे तर अजून एक सांगतो.

बाबा : काका, नको.

सेक्रेटरी : गप रे. तिसरीत होतास तेव्हापासून तुझे केस कापतोय मी, मला नको म्हणू नकोस. ताई, नियम अकरावा बघा. मुख्य प्रशिक्षकाचं मूल त्याच्याच संघात जातं. कोणाची सही लागत नाही, संमती लागत नाही. पलीकडच्या संघाला मुख्य प्रशिक्षक हवा होता, तेव्हा मी आधी याच्याकडे गेलो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता, तिथे वरून वाकून विचारलं. हा नाही म्हणाला. मग आम्ही अग्निशमन दलातल्या त्या दांडगोबाला घेतलं.

आई : नाही का म्हणालास?

बाबा : जाऊ दे ना.

आई : मी विचारतेय.

बाबा : कारण मग तुला न विचारता ती तिकडे आली असती. तिला वाटलं असतं, उचललं आणि नेलं. घर एकदा वाटून झालंय तिचं. वर आणखी हेही मी करायचं?

सेक्रेटरी : मी चुन्याच्या रेषा मारून येतो. उद्या मोठ्यांचा सामना आहे. भांडायचं तर हळू भांडा, पोरगी बाहेरच आहे.

(बाहेर भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत राहतो.)

आई : मग आता हट्ट का धरलास? तेव्हा सोडलंस ना?

बाबा : हट्ट नाही गं. माझ्या आठवड्यात ती येते, बॅग ठेवते, जेवते. शाळा कशी होती? बरी. जेवण कसं झालंय? बरं. झोपायला जातेस? बरं. संपलं! आणि मैदानावर तोंडावर जाळी चढवली की तीच मुलगी सगळ्यांना ओरडून सांगते, तू मागे हो, तू डावीकडे सरक, दुसऱ्या बेसवर लक्ष ठेव. तो आवाज माझ्या घरात येतच नाही. म्हटलं, माझ्या संघात असली तर निदान तिथे तरी बोलेल माझ्याशी. तुझ्याकडे बोलत असेल, म्हणून तुला नाही कळणार.

आई : माझ्याकडे?

बाबा : हो.

आई : माझ्याकडेही "बरं"च असतं.

बाबा : काय सांगतेस?

आई : मी समजत होते, तुझ्याकडे जाऊन मन मोकळं करते. रविवारी परत आली की मी मुद्दाम विचारायचे नाही. म्हटलं, तुमचं तुमच्यात काही असेल.

बाबा : आणि मी इकडे जळत बसलोय.

आई : जळायला तिकडे तू, इकडे मी. छान चाललं होतं आपलं.

बाबा : ...हसलीस.

आई : नाही हसले. ती नियमांची पुस्तिका दे इकडे.

बाबा : काय बघतेस?

आई : थांब. "मुख्य प्रशिक्षक त्याच विभागातला असावा." बरोबर. "सहायक प्रशिक्षक अठरा वर्षांवरील असावा आणि मुलांसमोर तंबाखू खाऊ नये." बस. कुठे राहतो, याबद्दल अक्षर नाही.

बाबा : मग?

आई : मग काय? इथल्या सरांचा गुडघा गेलाय. त्यांना पळवत नाही, वाकवत नाही. कॅचरना सराव द्यायला माणूस शोधतायत.

बाबा : म्हणजे मी... इथे?

आई : ती तिच्या मैत्रिणींबरोबर राहील. आणि तुझा आठवडा असो की माझा, तू मैदानावर असशील.

बाबा : तुझ्या घरासमोर. आठवड्यातून तीन संध्याकाळी.

आई : मैदान माझ्या मालकीचं नाहीये.

बाबा : तसं नाही. तुला चालेल?

आई : सुरुवातीला नाही चालणार. मग चालेल.

बाबा : तिकडच्यांना सांगावं लागेल. दांडगोबा चिडेल. आणि तो डोळे मिटणारा...

आई : त्याचं काय?

बाबा : त्याला असा अर्धवट नाही सोडता येणार. शनिवारी सकाळी जाऊन त्याला शिकवत जाईन. मऊ चेंडूने सुरुवात केली तर भीती जाते.

आई : जा ना. नियमात तेही बसतं. पण आधी तिला विचारू. आपणच ठरवून बसलो, तर फरक काय राहिला? बाळा! आत ये जरा!

मुलगी : ठरलं? कोण जिंकलं?

आई : कोणी नाही. तुला काय हवंय ते ऐकायचंय.

मुलगी : मला काहीही चालेल.

बाबा : काहीही म्हणजे?

मुलगी : म्हणजे बरं.

आई : "बरं" नको. खरं सांग.

मुलगी : खरं कसं सांगू? एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं तोंड उतरतं. इकडे मजा आली म्हटलं की तिकडे वाईट वाटतं. बरं म्हटलं की कोणालाच काही होत नाही.

बाबा : इतके दिवस तू हे करत होतीस?

मुलगी : मग कोण करणार?

आई : इकडे ये. अशी जवळ ये. आता आमची तोंडं आम्ही सांभाळू. उतरली तर उतरू देत, वर येतात परत. तू सांग.

मुलगी : ...मला इथेच खेळायचंय. पण मग बाबा तिकडे एकटा पडतो.

बाबा : नाही पडत. मी इकडेच आलो तर? तुमच्या सरांच्या हाताखाली. कॅचरना सराव द्यायला.

मुलगी : तू? इथे? आईला चालेल?

बाबा : आईनेच शोधून काढलं.

मुलगी : आई, खरंच?

आई : तुझा बाबा पुस्तिका वाचत नाही, नुसता उराशी धरून बसतो. कोणीतरी वाचायला नको?

मुलगी : मग ऐक बाबा. परवा पाच वाजता सराव आहे. बूट घालून ये, चपला नाही. आणि उशीर करू नकोस, उशीर झाला की सर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. मोठ्यांनासुद्धा.