बिनदुधाचं मशीन

नाही, पण मला सांगा, माणसाने दूध सोडलं हा काय गुन्हा आहे का? आमच्या चारकोपच्या सोसायटीतला, माझ्या बरोब्बर समोरच्या दारातला नितेश, पंचेचाळिशीचा बाप्या, त्याला डॉक्टर म्हणाले दूध तुमच्या पोटाला चालत नाही, झालं, चहा बंद! कोरा चहा घ्यायचा आणि तोंड असं करायचा की... जाऊ दे. तशात एकदा अंधेरीच्या ऑफिसात कुणीतरी त्याला मशीनवरची काळी कॉफी पाजली, एवढीशी, औषधाच्या झाकणाएवढी, आणि तुम्हाला सांगतो, सहा महिन्यांनी गडी हसत घरी आला! म्हणाला, मशीन घ्यायचंच. बरं, मागत काय होता माणूस? एक कप काळी कॉफी!

गेला शोरूमला. तिथे तेजल नावाची सेल्सगर्ल, आवाज असा गोऽड, "सर, यात ना दूध आपोआप फेसाळतं!" "मी दूध नाही घालत." "नो प्रॉब्लेम सर, मग हे बघा, याला दुधाचा वेगळा डबा!" "अहो, दूधच नको." "ओट मिल्क पण चालतं सर!" अरे!... एकाला वाफेची नळी, दुसऱ्याला दोन नळ्या, मशीन आहे का म्हैस? शेवटी हा काकुळतीला आला, "बिननळीचं काही आहे का?" तर तिने असं बघितलं, जसं काही याने बिनचाकाची रिक्षा मागितली. एक कप काळी कॉफी हो, बाकी काही नाही!

मग भेटला धवल. ऑफिसातलाच, घाटकोपरचा, व्हिडिओ बघून बघून कॉफीत डॉक्टरेट केलेला. "नितेशभाई, दुधात सगळं लपतं. तू काळी पिणार ना? मग वाट लागली तुझी! पाणी जरा जास्त तापलं, कडू. जरा कमी, आंबट. मशीन सोड यार, पहिला ग्राइंडर घे!" आणि ऐका, मशीन घ्यायला निघालेला माणूस बिया दळायचं यंत्र घेऊन घरी! बायको, श्रुतिका, दारातच उभी.

"हे काय?"

"ग्राइंडर."

"आणि कॉफी?"

"मशीन आल्यावर."

"मग तोवर यात काय, शेंगदाण्याचं कूट करू?"

शेवटी आलं मशीन. हाताचं. वीज नाही, नळी नाही, नुसता लांब दांडा, आत दळलेली कॉफी भरायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि दाबायचं. दाबलं नितेशने. पहिल्या दिवशी थेंब नाही. दुसऱ्या दिवशी फस्सकन कॉफी ओट्यावर, भिंतीवर, श्रुतिकाच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर! तिसऱ्या दिवशी आली कपात, तर चिंचेसारखी आंबट. दोन आठवडे रोज सकाळी समोरून ऐकू यायचं, "अरे याऽर!" मी गजर लावायचा सोडून दिला! आणि एक दिवस तो आवाजच आला नाही, म्हणून डोकावलो, तर हा स्वयंपाकघरात फरशीवर बसलेला, दोन्ही हातांत डोकं. "मी काय जगावेगळं मागितलं का गं? एक कप काळी कॉफी!"

तेव्हा उठल्या त्याच्या आई. मालनकाकी, वय त्र्याहत्तर, कणकवलीकडच्या, आयुष्यभर नारळ खवलेले ते हात. "बाजूक हो रे. दांड्याशी मारामारी कित्याक करतंस? ताकद नको, दम होयो." आणि दाबला. हळूऽऽ... कान मशीनला लावून, जशा काही नातवाची छाती ऐकतायत. आणि तुम्हाला सांगतो, मधासारखी धार! वर सोनेरी फेस! नितेशने घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. काकी घाबरल्या, "काय झाला रे? वाईट झाला?"

मग काय, रोज सकाळी काकी. याने हात पुढे केला की "गप बस, मोडून ठेवशीत!" स्वतः मात्र थेंब चाखायच्या नाहीत, "तुझा काळा पाणी तुकाच." महिनाभर राजा होता हो आमचा नितेश, राजा!

गेल्या सोमवारी काकी गावी गेल्या, भाचीच्या लग्नाला. जाताना मी विचारलं, परत कधी? म्हणाल्या, "आता चतुर्थी करूनच येतंय." म्हणजे गणपती, अजून तीन महिने!

काल सकाळी नितेश दारात उभा, हातात कप, वाफ निघतेय. मी आपला खूश! म्हटलं, "वा रे पठ्ठ्या, जमली कॉफी?"

म्हणाला, "गरम पाणी."