बर्फाखालचं पाणी

नांदेड-लोहा एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बाप-लेक होते. लेक तोंडी परीक्षा देऊन आली होती.

"काय इचारलं, तनुजा?"

"हिमनदी उन्हाळ्यात जोरात का सरकते?"

"बर्फ अन् सरकतो?"

"हाव आप्पा, स्वतःच्याच वजनानं, उताराला."

"मंग काय सांगितलं?"

"आधी कायच आठवंना. मंग आपलं गुऱ्हाळ आठवलं. साचा ओला असला की गुळाची ढेप अलगद सुटते, कोरड्याला चिकटून बसते. म्हणलं, तसंच वितळलेलं पाणी बर्फाखाली जातं अन् तो घसरतो."

"सर हसले असतील."

"न्हाई. कोणत्या पुस्तकात वाचलं म्हणाले."

"मंग?"

"वाचलं न्हाई, आप्पाचं बघितलं म्हणलं."

"येत्या गुऱ्हाळाला बोलव सरांना. साचा मी भिजवतो, ढेप त्यांना काढू दे."