इंजिनाचा तंबोरा

सत्यशीला : आता काय राह्यलं बंद करायचं? घड्याळ टिकटिक करतं म्हणून उतरवलं. फ्रीज बंद केला, दूध नासलं. मला पण घराबाहेर काढता का?

गहिनीनाथ : तू बस, पण बांगड्या वाजवू नको. हे बघ, रेकॉर्डिंगच्या वक्ताला कंप्युटरनं एकच काम करायचं आसतं. पण मागं गुपचूप लई प्रोग्राम चालत्यात. जागा अडवायची अन् तिकीट न्हाई. सगळे फुकटे! वडवणी-बीड गाडीवर जिंदगी गेली माझी, कंडक्टरला फुकटा वळखू येत न्हाई व्हय? एकेकाला खाली उतरवलं.

सत्यशीला : काल आवाजाचाच प्रोग्राम उतरवलता. दिवसभर कंप्युटर मुका.

गहिनीनाथ : त्यो पासवाला निघाला. परत बसवला की त्याला.

वर्षाराणी : नेट पण बंद केलंत, मामा. अपडेटसुद्धा.

गहिनीनाथ : अपडेटचा काय भरवसा, पोरी? गाणं रंगात यायचं अन् ह्यो मधीच हात करून गाडी थांबवायचा.

सत्यशीला : अन् कंप्युटरचा डब्बा आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांजवळ कावून नेऊन ठिवला?

गहिनीनाथ : त्याचा पंखा घुरघुर करतो. लांब वायरी जोडल्या, दार लोटून घेतलं. आता ऐक बरं. काय ऐकू येतंय?

सत्यशीला : काहीच न्हाई.

गहिनीनाथ : हेच! ह्याच्यासाठी पावसाळाभर झटलो.

वर्षाराणी : पण उद्या माझी हळद आहे, मामा. गाणं कधी म्हणणार?

गहिनीनाथ : तुझ्या आईचं गाणं हाय ते. कसंबी भरून चालंल का? तुळजाअक्का आज आसती तर तिनंच म्हणलं आसतं तुझ्या हळदीला. आता ती न्हाई, अन् ते गाणं माझ्या एकट्याच्याच ध्यानात राह्यलंय.

सत्यशीला : म्हणून तर म्हणते, कंप्युटर बिंप्युटर कशाला? उद्या उभं राहून म्हणा.

गहिनीनाथ : बायकांच्या घोळक्यात मिशावाला बाप्या हळदीचं गाणं म्हणतोय? पाव्हणे जेवायचं सोडून बघायला येतील. स्पीकरवर लावलं म्हंजी झालं. गप बसा दोघी. लाल बटण दाबतो. (बटण दाबून तो गाणं म्हणतो.)

वर्षाराणी : छान म्हटलंत. आता ऐकवा.

गहिनीनाथ : ऐका... थांबा, थांबा. ह्यो कोण म्हणतोय?

सत्यशीला : तुमीच की.

गहिनीनाथ : मी आसा? पहिल्या वळीला सूर वडवणीत हाय. दुसरीला घाट उतरलाय. तिसरीला कुठं गेला, पत्ताच न्हाई!

सत्यशीला : कंप्युटर बिघडला आसंल.

गहिनीनाथ : त्यो बिघडला न्हाई, हीच तर पंचाईत हाय. आजवर माईकचा दोष, पंख्याचा दोष, वायरीचा दोष. एकेकाला उतरवत आलो. गाडी रिकामी झाली तवा कळलं, खरा फुकटा कोण. मीच!

वर्षाराणी : असं कसं होईल? मी कॉलेजला तुमच्याच गाडीनं बीडला जायचे. तिकिटं फाडताना तुम्ही हेच गुणगुणायचात. अगदी सुरात. मी खिडकीकडं तोंड करून ऐकायचे, आई म्हणतेय असं वाटायचं.

गहिनीनाथ : गाडीत इंजिन आसतं ना पोरी. ते एका सुरात घुमत राहतं. मी त्याला धरून म्हणायचो.

सत्यशीला : म्हंजी तंबोरा इंजिनाचा. अन् हितं तुमी मुंगीचा पण आवाज ठिवला न्हाई.

वर्षाराणी : मग इंजिनच लावू. फोनवर आवाज मागवा. तो हेडफोनमधून तुमच्याच कानात वाजेल. माईकमध्ये फक्त तुमचं गाणं.

गहिनीनाथ : राधाकिशन ड्रायव्हर आत्ता स्टँडवरच आसंल. लाव फोन. म्हणावं, गाडी नुसती चालू करून उभी ठिव अन् आवाज भरून धाड. रेस करू नको, माझा सूर चढंल.

सत्यशीला : कशाला पायजे म्हणल्यावर काय सांगू?

गहिनीनाथ : सांग, तुझा कंडक्टर गवई झालाय. हसू दे. मी पण हसायलोच की.

(राधाकिशननं धाडलेला आवाज कानात घेऊन गहिनीनाथ गाणं पुन्हा म्हणतो. मग तिघं ते ऐकतात.)

सत्यशीला : अवो...

गहिनीनाथ : बोल की. काय उणं हाय?

सत्यशीला : काही न्हाई. 'पिवळ्या पावलांनी जा गं' म्हणल्यावर अक्का बी आशीच जरा थांबायची.

गहिनीनाथ : वर्षा? रडू नको बाई, माईक चालू हाय.

वर्षाराणी : मामा, हे उद्या स्पीकरवर लावायचं नाही.

गहिनीनाथ : अजून सूर गेलाय का?

वर्षाराणी : नाही. हे माझ्याजवळ राहू द्या. तिकडं गेल्यावर ऐकीन. उद्या हळदीला तुम्हीच म्हणा.

गहिनीनाथ : अन् इंजिन?

सत्यशीला : मी हाय की. इतके दिवस ऐकून ऐकून मला पाठ झालंय. तुमी घसरलात की मी धरते. बाकीच्या बायका आपल्या मागं म्हणतील.

गहिनीनाथ : आगं, पण ह्या मिशा?

सत्यशीला : त्याबी उतरवा. एवढं सगळं उतरवलंच हाय.

गहिनीनाथ : त्या राहू दे... बरं, म्हणतो. पण एवढ्या बायकांत मी उभं कुठं राहू, ते तेवढं सांग.

वर्षाराणी : माझ्या मागं. मला दिसू नका, नुसते ऐकू येत राहा.