यहूदाचं पान

मंडळी, एक सवाल! ज्यानं आपला विश्वासघात केला, त्याचं पान पंगतीत मांडायचं की नाही? हां — मागे कुणीतरी जोरात मान हलवली, “नाही” म्हणून! राहू दे. आधी ऐका.

एका गावात आशेर पेंटर होता. चर्चच्या भिंतीवर त्यानं प्रभूचं शेवटचं भोजन काढलं. टेबल नाही, खुर्च्या नाहीत — आपली पंगत! पत्रावळी, द्रोण! मधोमध प्रभू. आणि प्रभूला धरून देणारा यहूदा? पंगतीबाहेर, कोपऱ्यात, एकटा. पुढ्यात पानसुद्धा नाही! आणि चेहरा कुणाचा? जिवलग मित्राचा, सावळारामचा!

का? आशेरनं दारू सोडण्याची शपथ घेतलेली. एकदा पाय घसरला. सांगितलं फक्त सावळारामला — आणि त्यानं ते चर्चच्या पंचांना सांगितलं! आशेरची घंटा वाजवायची सेवा गेली. आशेर जळत होता नुसता!

चित्रावरचा पडदा सरला, गावानं चेहरा ओळखला. आधी हसले. मग सावळारामशी बोलणं बंद! सुगीच्या प्रीतिभोजनाला तो कोपऱ्यात बसला, शेजारी फक्त बायको, मार्था. वाढपी भात घेऊन आला — आणि सरळ पुढे गेला!

मार्था म्हणाली, “उठा हो. उद्याच गाव सोडू.”

आशेरच्या हातातला घास हातातच राहिला. हुबेहूब त्याचंच चित्र! तो भरलं पान घेऊन उठला आणि सावळारामजवळ जाऊन बसला.

“सावळ्या, चुकलो रे मी. जेव.”

“तू दारूनं मरशील, म्हणून सांगितलं मी,” सावळाराम म्हणाला, आणि रडायलाच लागला.

सकाळी आशेर शिडीवर! खाली पाळकसाहेब ओरडतायत, “अरे, बिशपसाहेब यायचेत! चित्र बिघडवू नकोस!”

“बिघडलंय ते कधीच, साहेब. आता नीट केल्याशिवाय उतरत नाही!”

त्यानं तो चेहरा खरवडला. यहूदाला पाठमोरा केला, प्रभूच्या शेजारी आणला, पुढ्यात पान मांडलं. आणि प्रभूचा हात लांब करून त्यात घास दिला — यहूदासाठी!

“यहूदाला घास?” पंच भडकले.

“योहानाचं शुभवर्तमान उघडा! घास बुडवून प्रभूनं कुणाला दिला? वाचा की!”

पंचांनी वाचलं — यहूदालाच! सावळारामनं गाव सोडलं नाही.

मंडळी, कीर्तनानंतर आपलंही जेवण आहे. त्या खांबापाशी एक जण एकटाच बसलाय. तिकडे वळून बघू नका! तो कोण, आणि त्याच्याशी कोण बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मी शेवटी जेवणार. त्याच्या शेजारी कोण बसतं, ते आधी बघणार!